एन्जिनएक्समध्ये बाहेरची मॉड्यूलं: घालावीत की नकोत?

अंत्रुजकर:
हंगाम तोंडावर आला की "साइट फास्ट करून द्या" म्हणून गेस्टहाउसवाल्यांचे फोन सुरू होतात. म्हापशाकडचा असाच एक सर्व्हर हातात आला. एन्जिनएक्समध्ये, म्हणजे साइटची पानं पाठवणाऱ्या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये, दोन बाहेरची मॉड्यूलं (जोडायचे जादा भाग): पानं दाबून लहान करणारं ब्रॉटली आणि पाहुणा कुठल्या देशातून आला ते ओळखणारं जिओआयपी. दोन्ही गिटहबवरून उचलून कंपाइल केलेली. कोणी केली, मालकालाही ठाऊक नाही. माझं मत: बाहेरचं मॉड्यूल वेब सर्व्हरमध्ये घालूच नये. ते एन्जिनएक्सच्याच प्रोसेसमध्ये बसतं, आणि ते लोड करणारी मास्टर (मुख्य) प्रोसेस बहुतेक ठिकाणी रूट, म्हणजे सर्वाधिकारी, असते. टीएलएसची (https च्या कूटलेखनाची) खासगी किल्ली, गिऱ्हाइकाचे पासवर्ड, सगळं त्याच्या आवाक्यात. भाडेकरूला तिजोरीच्या खोलीत बिऱ्हाड द्यावं तसं.

बार्देशी:
अंत्रुजकर बाब, "घालूच नये" हे अती झालं. मूळ कोड तरी कुठे सोवळा? 2021 मध्ये एन्जिनएक्सच्याच रिझॉल्व्हरमध्ये (डोमेन नावाचा आयपी पत्ता शोधणाऱ्या भागात) भोक निघालं, 0.6.18 ते 1.20.0 पर्यंतच्या आवृत्त्यांत. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही! मॉड्यूल डेबियन लिनक्सच्या अधिकृत भांडारातून एपीटीने (त्याच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) घ्या, विषय संपला. दोष हाताने कंपाइल करून "मेक इन्स्टॉल" मारून पसार होणाऱ्याचा.

सत्तरीकर:
भांडारावर एवढा भरवसा? 2024 चं एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या लिनक्स साधनाचं प्रकरण आठवा. देखभाल करणाऱ्यानेच 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये मागचं दार घातलं. एसएसएच लॉगिनला (सर्व्हरवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून एकाने खोदून पाहिलं, नाहीतर कळलं नसतं.

बार्देशी:
डेबियन स्टेबलमध्ये (पारखून सोडलेल्या आवृत्तीत) ते पोचलं नव्हतं. हेच तर म्हणतोय.

सासष्टीकर:
आणि हल्ल्याच्या विनंत्या अडवणाऱ्या मॉडसिक्युरिटीचं काय? तेही बाहेरचंच. राखण करायला ठेवलेलं, पण 2021 मध्ये एकात एक खूप खोल गुंतवलेलं जेसन (माहिती पाठवायची एक मजकूर-रचना) पाठवून त्यालाच गुदमरवता येत होतं. तरी मी काढणार नाही. बॉटांचा मारा बघितलाय का रे कोणी?

अंत्रुजकर:
एपीटीचं मान्य. पण या सर्व्हरवरचा घोळ ऐका. मॉड्यूल ज्या आवृत्तीसाठी बांधलं तीच लागते. एन्जिनएक्स अपग्रेड केलं की "नॉट बायनरी कंपॅटिबल" म्हणून सुरूच होत नाही. त्यावर आधीच्या माणसाचा उपाय काय, तर पॅकेज होल्डवर, म्हणजे अपडेटच थांबवलेलं! म्हणजे चार केबी वाचवायला पुढचे सगळे सुरक्षा पॅच बंद. मॉड्यूलमध्ये एक ओळ वाईट नसली तरी दार उघडंच. एरर लॉगमध्ये "एक्झिटेड ऑन सिग्नल 11" (मेमरीत भलत्या जागी हात घातल्याने प्रोसेस मेली) च्या रांगा. वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रोसेस) मेला की मास्टर लगेच दुसरा उभा करतो, साइट चालू दिसते, मालक खूश. मेमरीत कोण कुठे लिहितंय ते बघायला कोणाला वेळ आहे? मी दोन्ही काढली. पानं दाबायला एन्जिनएक्समधलंच जीझिप पुरे, देश अडवायचेच असतील तर फायरवॉलमध्ये अडवा.

बार्देशी:
गेस्टहाउसची साइट आणि देश अडवायचे? पाहुणे कुठून येणार मग! जिओआयपी काढलंत ते बरंच केलंत. ब्रॉटलीचं मात्र पटलं नाही. होल्ड काढून डेबियनचं पॅकेज घातलं असतं तर पाच मिनिटांचं काम. आता पेजस्पीडचा (गूगलच्या वेग-चाचणीचा) आकडा खाली आला की मालकाचा फोन तुम्हीच घ्या.