फिलिप लाम: उजव्या पायाचा खेळाडू डाव्या बगलेत इतकी वर्षं कसा टिकला?

पागोळी

नमस्कार मंडळी. जर्मनीचा फुटबॉलपटू लामच्या कारकिर्दीबद्दल (आपल्या वर्तमानपत्रांत 'लॅम' छापून यायचं, जर्मन उच्चार 'लाम') तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. करंडकांची यादी नको, ती कुठेही मिळते. मला खेळ कळायला हवा आहे.

पहिली गोष्ट, तो पक्का उजव्या पायाचा, तरी २००३ पासून २००९ पर्यंत डावीकडेच खेळला. त्यात संघाला काय मिळालं आणि काय गेलं? दुसरी, उंची १.७० मीटर आणि संपूर्ण व्यावसायिक कारकिर्दीत एकही लाल कार्ड नाही. मग चेंडू काढून घ्यायचा तरी कसा? तिसरी, २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीचा प्रशिक्षक लोव्हने त्याला आधी मधल्या फळीत खेळवलं आणि फ्रान्सविरुद्ध परत उजवीकडे आणलं. तो पहिला निर्णय चुकलाच होता, असं सरसकट म्हटलं जातं. तुम्हाला पटतं का?

डावी बगल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर श्टुटगार्टमध्ये आहे. लाम म्युनिकचाच, लहानपणी गेर्न भागातल्या क्लबात खेळायचा, १९९५ ला म्युनिकच्याच बायर्न क्लबच्या कुमार संघात आला. नोव्हेंबर २००२ मध्ये लाँसविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये अगदी शेवटच्या क्षणी मैदानात उतरला, इतकंच. बायर्नकडे तेव्हा उजवीकडे सान्योल आणि डावीकडे लिझाराझू होते. एकोणीस वर्षांच्या मुलाला तिथे जागा मिळणं शक्यच नव्हतं. राखीव संघाचे प्रशिक्षक हेरमान गेरलांड यांनी त्याच्यासाठी बऱ्याच जणांकडे शब्द टाकला, शेवटी श्टुटगार्ट क्लबचे प्रशिक्षक फेलिक्स मागाट यांनी त्याला दोन मोसमांसाठी उसना घेतला. तिथे उजवीकडे आंद्रेआस हिंकेल पक्का होता, म्हणून लाम डावीकडे गेला. यामागे कुठलंही मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. जागा रिकामी होती, एवढंच कारण.

आता फायदा-तोटा. उजव्या पायाच्या डाव्या फुलबॅकला (बगलेतला बचावपटू) सेंटरबॅककडून (मधला बचावपटू) चेंडू आला की त्याचा पहिला स्पर्श आतल्या बाजूला पडतो. म्हणजे मैदानाचा मधला भाग उघडतो, तिरका पास सहज जातो, गोलवर फटकाही मारता येतो. पण त्याच बाजूने अंगावर धावून येणारा खेळाडूही असतो. टचलाइनला (मैदानाच्या बाजूची रेषा) समांतर सरळ पास द्यायचा तर डावा पाय वापरावा लागतो, नाहीतर उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने ढकलावा लागतो. क्रॉस (बगलेतून गोलसमोर मारलेला चेंडू) टाकताना तर चेंडू थांबवून उजव्या पायावर घ्यायचा, तोवर अर्धा-पाऊण सेकंद जातो आणि पेनल्टी क्षेत्रातले बचावपटू जागा धरून उभे राहतात. लामचा डावा पाय वाईट नव्हता, म्हणून हा तोटा त्याला कमी बसला. दुसऱ्या कुणाला तो इतका स्वस्तात पडला नसता.

फायद्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ९ जून २००६, म्युनिक, कोस्टा रिकाविरुद्ध विश्वचषकाचा सलामीचा सामना, सहावं मिनिट. पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कोपऱ्याजवळ चेंडू त्याच्याकडे येतो, समोरचा बचावपटू बाहेरची बाजू झाकायला एक पाऊल टाकतो, लाम त्याला आतून मागे टाकतो आणि उजव्या पायाने दूरच्या खांबाच्या वरच्या कोपऱ्यात मारतो. चेंडू खांबाच्या आतल्या अंगाला लागून जाळ्यात. डाव्या पायाचा फुलबॅक तिथून बहुधा क्रॉसच टाकेल. आणि हे सगळं डाव्या कोपराला आधाराचं बँडेज असताना, कारण स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात त्याला तिथे दुखापत झाली होती. त्या विश्वचषकात जर्मनीच्या सातही सामन्यांत तो एक मिनिटही बाहेर बसला नाही.

मैदानकाठ

@डावी बगल, मस्त. धाग्यातल्या प्रश्नाला एक छोटी दुरुस्ती: 'डावीकडेच' हे अगदी बरोबर नाही. युरो २००८ मध्ये (युरोपीय देशांची स्पर्धा) पोलंड आणि क्रोएशियाविरुद्ध लाम उजवीकडे होता, यान्सेन डावीकडे. क्रोएशियाकडून १-२ हरल्यावर लोव्हने ऑस्ट्रियाविरुद्ध फ्रीडरिशला उजवीकडे आणलं आणि लामला डावीकडे पाठवलं. पुढे २०१० च्या विश्वचषकात तो उजवीकडे, युरो २०१२ ला पुन्हा डावीकडे. म्हणजे बाजू त्याच्या सोयीने ठरत नव्हती. दुसऱ्या बाजूला कोण उपलब्ध आहे, त्यावर ठरत होती. अशी लवचीकता असलेल्या खेळाडूची यात थोडी कुचंबणा होते असं मला वाटतं, कारण त्याच्या जागेवर कमी कुवतीचा माणूस सहज बसवला जातो.

लिबेरो

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण लामचं खरं मोठेपण तिथे आहे.

त्याचं अर्धं काम विंगरकडे (बगलेतून आक्रमण करणारा खेळाडू) चेंडू पोचायच्या आत व्हायचं. पास निघाला की तो पूर्ण वेगाने पुढे सरकायचा. चेंडू वाटेत असतानाचा वेळ फुकटचा असतो, कारण विंगर तेव्हा काहीच करू शकत नाही. शेवटच्या तीन-चार मीटरमध्ये मात्र पावलं आखूड आणि जलद. इथेच बहुतेक तरुण फुलबॅक चुकतात: वेग तसाच ठेवून अंगावर जातात आणि एका साध्या हुलकावणीत मागे पडतात. लाम साधारण हातभर अंतरावर थांबायचा, अंग तिरकं, गुडघे वाकलेले, एक पाय पुढे, वजन चवड्यांवर. समोरासमोर चौकोनी उभा राहिलात तर दोन्ही बाजू उघड्या राहतात आणि वळायला दीड पाऊल जास्त लागतं. तिरकं उभं राहिलं की विंगरला एकच वाट दिसते, बहुतेक वेळा टचलाइनची.

मग वाट बघायची. धावताना विंगर चेंडू ढकलतो तेव्हा तो त्याच्या पायापासून क्षणभर सुटतो. पाय घालायचा तो त्याच क्षणी, आणि चेंडूजवळच्या पायाने. घसरून टॅकल हा शेवटचा उपाय, कारण एकदा खाली बसलात की पुढचे दोन सेकंद तुम्ही खेळात नसता. उभ्यानेच काम भागत असल्यामुळे फाऊल कमी, आणि फाऊल कमी म्हणून कार्डं कमी. ५०० च्या वर बायर्नचे सामने, ११३ आंतरराष्ट्रीय सामने, लाल कार्ड शून्य. यात स्वभावाचा भाग असेलही, पण मुख्य भाग पायांच्या ठेवणीचा आहे.

उंचीचं म्हणाल तर दूरच्या खांबावर येणारा उंच क्रॉस ही त्याच्यासाठी अडचण होतीच. उपाय एकच असतो: उडी मारायच्या आधी जागा धरायची आणि समोरच्याला मोकळेपणी उडी घेऊ द्यायची नाही. हेडर जिंकायची गरज नसते, त्याला नीट मारू दिला नाही तरी पुरतं.

आता चूक कुठे व्हायची ते. २९ जून २००८, व्हिएन्ना, युरोचा अंतिम सामना, ३३ वं मिनिट. स्पेनच्या झावीने बचावफळीच्या मागे पास सोडला. लाम चेंडूच्या जवळ होता, पण गोलरक्षक लेहमान गोल सोडून पुढे येतोय हे पाहून त्याने वेग किंचित कमी केला. मागून आलेला टोरेस वळसा घालून पुढे सरकला आणि लेहमानच्या अंगावरून चेंडू उचलून जाळ्यात टाकला. स्पेन १-०, तोच निकाल. इथे उंचीचा काही संबंध नव्हता. गोलरक्षक आणि बचावपटू यांच्या मधल्या चेंडूवर बचावपटूने आधी आपलं अंग आक्रमक आणि चेंडू यांच्यामध्ये घालायचं असतं, चेंडू गोलरक्षक घेईल की नाही हा प्रश्न नंतरचा. लामने क्रम उलटा केला. मध्यंतरानंतर तो पायाच्या दुखापतीमुळे परत आलाच नाही.

पागोळी

@लिबेरो, हे फारच उपयोगी. वेग कधी कमी करायचा हे इतकं नेमकं कुणी सांगत नाही. @डावी बगल, एक उपप्रश्न: बचाव करताना 'उलट्या' पायाचा त्रास होतो का?

डावी बगल

होतो, पण समोर कोण आहे त्यावर. विंगर आत वळणारा असेल तर लामचा चांगला पाय आतल्याच बाजूला असायचा, म्हणजे उलट फायदा. विंगर बाहेरून जाऊन उजव्या पायाने क्रॉस टाकणारा असेल तर तो क्रॉस डाव्या पायाने अडवावा लागतो, आणि तिथे अर्धं पाऊल उशीर होतो.

दोन्ही बाजू एकाच सामन्यात बघायच्या तर युरो २००८ ची तुर्कस्तानविरुद्धची उपांत्य लढत, बासेल. ७९ व्या मिनिटाला लामचा डावीकडून क्रॉस, गोलरक्षक रुश्तू पुढे येऊन चुकला आणि क्लोझेने हेडर मारला, २-१. ८६ व्या मिनिटाला तुर्कस्तानचा साब्री त्याच बाजूने लामला बाहेरून मागे टाकून गेला, जवळच्या खांबाकडे क्रॉस आणि सेमिहचा गोल, २-२. ९० व्या मिनिटाला लाम डावीकडून आत शिरला, हिट्झल्सपेर्गरशी चेंडूची देवाणघेवाण केली आणि उजव्या पायाने वरच्या बाजूला मारला, ३-२. अकरा मिनिटांत त्या बाजूचा सगळा जमाखर्च मांडलेला आहे.

नव्वद अधिक तीन

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत लोकप्रिय मताच्या विरुद्ध आहे. निर्णय चुकीचा नव्हता, त्या घडीला दुसरा पर्यायच नव्हता.

परिस्थिती आठवा. मधल्या फळीतल्या खेदिराचा गुडघ्याचा क्रुशिएट लिगामेंट नोव्हेंबर २०१३ मध्ये फाटला होता, तो जेमतेम स्पर्धेपर्यंत उभा राहिला. त्याच फळीतला श्वाइनस्टायगरही पूर्ण तंदुरुस्त नव्हता. म्हणून पोर्तुगाल आणि घानाविरुद्ध खेदिरा सुरुवातीपासून, अमेरिका आणि अल्जीरियाविरुद्ध श्वाइनस्टायगर. दोघांना एकत्र उतरवून दोघंही थकले तर बाद फेरीत हातात काहीच उरलं नसतं. तिसरा विश्वासू माणूस लाम होता, आणि बायर्नमध्ये प्रशिक्षक ग्वार्डिओलाने त्याला मोसमाचा मोठा भाग त्या जागेवर वापरलं होतं.

किंमत मोजावी लागली हे खरं. घानाविरुद्ध लामचा पास मुंतारीने अडवला आणि लगेच ग्यानला दिला, गोल. फुलबॅकची अशी चूक टचलाइनजवळ होते, मागे सावरायला माणसं असतात. मधल्या फळीत तोच पास गेला की थेट सेंटरबॅक उघडे पडतात. शिवाय उजवीकडे बोआटेंग किंवा मुस्ताफी, डावीकडे ह्योवेडेस, म्हणजे बचावफळीतले चौघंही मुळात सेंटरबॅक. बगलेतून वर येणारं कुणीच नाही, सगळा खेळ मध्येच कोंडायचा. अल्जीरियाविरुद्ध तर बचावफळी पुढे उभी आणि मागे मोकळं रान. गोलरक्षक नॉयर क्षेत्राबाहेर येऊन चेंडू काढत होता म्हणून निभावलं.

बदल कसा झाला तेही बघा. त्याच सामन्यात ७० व्या मिनिटाला मुस्ताफी जखमी झाला, खेदिरा आत आला आणि लाम उजवीकडे सरकला. फ्रान्सविरुद्ध खेदिरा आणि श्वाइनस्टायगर दोघंही सुरुवातीपासून खेळू शकले, तेव्हाच लाम मोकळा झाला. ब्राझीलविरुद्ध उपांत्य सामन्यातल्या ७-१ मधला तिसरा गोल आठवा: उजवीकडून लामचा खालून आलेला क्रॉस, म्युलरचा हुकला, मागून क्रूसने डाव्या पायाने मारला. पहिल्या चार सामन्यांत हा चेंडू कुणी टाकूच शकत नव्हतं. म्हणून मी म्हणेन, दोन्ही निर्णय आपापल्या वेळेला बरोबर होते.

मैदानकाठ

सहमत, फक्त अमेरिकेच्या सामन्यानंतरच बदल करता आला असता असं वाटतं. निदान अल्जीरियाने मागची जागा वापरायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच चित्र स्पष्ट होतं.

ग्वार्डिओलाचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल. त्याच्याआधी, बायर्नचे प्रशिक्षक व्हान गाल आणि हाइन्केस यांच्या काळात, उजवीकडे लाम आणि विंगर रॉबेन ही जोडी साधी आणि जीवघेणी होती. रॉबेन डाव्या पायाचा, तो आत वळणार हे सगळ्यांना माहीत. लाम त्याच क्षणी बाहेरून धाव घ्यायचा, त्यामुळे समोरच्या फुलबॅकला ठरवावं लागे: रॉबेनबरोबर आत जायचं की लामला झाकायचं. लामला चेंडू नाही मिळाला तरी ती धाव वाया जात नसे, कारण तिच्यामुळे रॉबेनसमोरचा एक माणूस कमी व्हायचा. २०१३ चे तीन करंडक याच जोडीच्या उजव्या बगलेवर उभे आहेत.

ग्वार्डिओलाने हे उलटं केलं. चेंडू आपल्याकडे असताना फुलबॅक बाहेर न जाता आत, बचावात्मक मिडफिल्डरच्या शेजारी येऊन उभा राहायचा. त्यामुळे प्रतिस्पर्धी विंगर त्याच्यामागे आत ओढला जातो, सेंटरबॅककडून थेट रॉबेन किंवा डावीकडच्या विंगर रिबेरीला पासाची वाट उघडते, आणि चेंडू गेला तर मध्यभागी आधीच माणूस हजर असतो. धोका असा की चेंडू हरवल्या क्षणी बगल पूर्ण मोकळी असते. पाच-सहा सेकंदांत चेंडू परत मिळाला नाही तर सेंटरबॅकला टचलाइनपर्यंत धावावं लागतं. आत उभं राहून सगळ्या बाजूंनी येणाऱ्या दबावात चेंडू घ्यायला खांद्यावरून मागे बघण्याची सवय लागते, आणि बहुतेक फुलबॅक आयुष्यभर एकाच बाजूला टचलाइन ठेवून खेळलेले असतात. लामला दोन्ही बाजूंचा सराव होता, म्हणून त्याला ते जमलं. डावी-उजवी करण्यात गेलेली वर्षं इथे कामी आली.

जर्मनीच्याच किमिशचा प्रश्नही तोच. लाम जुलै २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून थांबला, आणि तेव्हापासून जर्मनी उजवी बाजू की मधली फळी या कोड्यात किमिशला इकडून तिकडे फिरवते आहे.

पागोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवारी एकच सामना पूर्ण बघायचा तर कोणता? आणि नेमकं काय बघू?

लिबेरो

बासेलचा तुर्कस्तानविरुद्धचाच. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे न बघता फक्त लामकडे बघा. दर वेळी चेंडू उजव्या बाजूला असताना तो आत किती सरकतो आणि जवळच्या सेंटरबॅकपासूनचं अंतर किती ठेवतो ते मोजा. चेंडू बाजू बदलून त्याच्याकडे निघाला की तो पहिलं पाऊल कधी टाकतो तेही बघा. मग ८६ वं मिनिट दोन-तीनदा मागे घेऊन बघा: साब्रीसमोर त्याचा पुढचा पाय कोणता आहे, आणि तो कोणत्या क्षणी चौकोनी होतो.