अंतराळातला दरोडा: दिवाळीतल्या दोन बैठकांसाठी मोहीम कशी बांधावी? (इंदूर)

तिरपी_कक्षा

रामबागेत आमचं पाच खेळाडूंचं टेबल आहे. भाऊबीज झाली की लागोपाठ दोन संध्याकाळी, चार-चार तास, नवी मोहीम 'स्कम अँड व्हिलनी' या टेबलावरच्या भूमिका-खेळाच्या (रोलप्लेइंग गेमच्या) नियमांवर खेळायची ठरली आहे. जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. दोघं खेळाडू अगदी नवे आहेत, बाकी तिघं 'ट्रॅव्हलर' हा दुसरा अंतराळातला भूमिका-खेळ बरंच खेळलेले.

कामगिरी अशी: स्वतःभोवती फिरणारं एक चक्राकार स्थानक, त्याच्या कडेवर लिलावघर, लिलावघरात जुन्या साम्राज्याच्या तारामार्गांचा धातूचा गोळा, वजन ४० किलो. लिलावाच्याच रात्री तो उडवायचा आणि आपल्या जहाजानं पसार व्हायचं.

उत्साह एवढा आहे की ग्रुपवर रोज नवा बेत येतो. कुणी वेटर होणार, कुणी बाहेरून भिंत कापणार. हा उत्साह टेबलावर येईपर्यंत टिकावा, आणि पहिली संध्याकाळ नुसत्या चर्चेत जाऊ नये. बेताला किती वेळ द्यावा? नकाशा किती बारीक काढावा? पहिली बैठक कुठे तोडावी? आणि 'ट्रॅव्हलर'वरच खेळलेलं बरं का?

षट्कोन

दादा, या नियमांत बेत आखायला दहा मिनिटं पुरतात आणि त्याहून जास्त देऊ नका. खेळाडूंनी दोनच गोष्टी ठरवायच्या: पद्धत कोणती (हल्ला, फसवणूक, चोरपावलं, ओळखीपाळखी, मालवाहतूक, किंवा गूढशक्ती) आणि त्या पद्धतीचा एक नेमका तपशील. फसवणूक असेल तर सोंग कुठलं, चोरपावलं असतील तर शिरायची जागा कुठली. लगेच सलामीचा रोल, म्हणजे सुरुवात कशी होते ते ठरवणारी फाशांची फेक. एका फाशापासून सुरुवात. लक्ष्याचा कच्चा दुवा हाती असेल तर एक वाढवा, पहारा आधीच सावध असेल तर एक काढा. ६ पडला तर परिस्थिती आटोक्यात, ४-५ ला जोखमीची, १ ते ३ ला निकराची. तिथून थेट लिलावघराच्या आतलं दृश्य. गाडी कुठे लावली, गणवेश कुठून आणला, यातलं काही विचारायचं नाही.

ते सगळं फ्लॅशबॅकमध्ये, म्हणजे आधी केलेली तयारी खेळाच्या मधेच दाखवून, येतं. साधी सोय (ओळखीच्या रखवालदाराला आधीच पैसे दिले होते) शून्य स्ट्रेसमध्ये (स्ट्रेस म्हणजे पात्रावर साचत जाणारा ताण), जरा अवघड असेल तर १, फारच लांबची उडी असेल तर २ किंवा जास्त. नव्या खेळाडूंना हे पहिल्या पाच मिनिटांत करून दाखवा. फ्लॅशबॅक मागता येतो हे त्यांच्या लक्षातच येत नाही, म्हणून ते बेतावर अडून बसतात. आणि एक लक्ष्मणरेषा आखून घ्या: टेबलावर घडून गेलेलं फ्लॅशबॅकनं पुसता येत नाही. पहारेकऱ्यानं हाक मारली, म्हणजे मारली. त्यानं पुढे गप्प बसावं याची व्यवस्था मात्र आधी केलेली असू शकते.

सामानाचंही तेच. आधी यादी करायची नाही, फक्त भार सांगायचा: हलका ३, मध्यम ५, जड ६. वस्तू लागेल तेव्हा खूण करायची. पार्टीच्या कपड्यात जड भार घेऊन शिरलेला माणूस नजरेत भरतो, हे तेवढं पाळा.

तुमची खरी मेहनत क्लॉकमध्ये, म्हणजे घरं पाडलेल्या वर्तुळांत; सगळी घरं भरली की ती गोष्ट घडते. ६ घरांचं "सुगावा", ८ घरांचं "तिजोरी", ४ घरांचं "लिलाव संपत आला". तीन पुरे. मर्यादित परिणामाला १ घर भरतं, नेहमीच्याला २, जोरदारला ३. म्हणजे ८ घरांची तिजोरी नेहमीच्या परिणामानं चार यशस्वी रोल खाते, आणि बहुतेक रोलमागे काही ना काही बिघडणारच, कारण दोन फाशांवर निर्भेळ यश, म्हणजे निदान एक ६, येण्याची शक्यता ३१ टक्केच आहे. पाच-सहा क्लॉक मांडली की सुगाव्याचं क्लॉक भरतच नाही, कारण नुकसान सगळीकडे थोडं थोडं वाटलं जातं. दरोड्यातला थरार तिथेच मरतो.

नकाशा बारीक नको. सहा ठिकाणं, त्यांना जोडणाऱ्या वाटा, आणि प्रत्येक ठिकाणी "इथे कोण असतं, त्याला काय हवंय" एवढं एका ओळीत.

लोलक

फिरतं स्थानक घेतलंयत तर त्याचं गणित वापरा, आयते अडथळे मिळतात.

मिनिटाला २ फेरे आणि त्रिज्या २२४ मीटर धरली की कडेवर पृथ्वीइतकं वजन जाणवतं. जहाजं लागणार मधल्या आसाशी, जिथे वजन शून्य. म्हणजे चोरी कडेवर आणि पळायची वाट "वर". ४० किलोचा गोळा निम्म्या उंचीवर, ११२ मीटरवर, हाताला २० किलो लागतो, आसाशी काहीच लागत नाही. पण त्याचं वस्तुमान तसंच राहतं! खेळाडू आसाशी पोचून गोळा आनंदानं ढकलतील आणि तो थांबवता येणार नाही. समोरच्या झडपेवर आदळेल किंवा मधे आलेल्याच्या बरगड्या मोडेल. हा प्रसंग टेबलावर नक्की आणा.

लिफ्ट सेकंदाला ३ मीटरनं वर जात असेल तर सव्वा मिनिट लागतं, आणि तेवढा वेळ आतल्या सगळ्यांना फिरण्याच्या दिशेच्या भिंतीकडे वजनाच्या साधारण आठव्या हिश्श्याचा रेटा बसतो. रोजच्या कामगारांना त्याची सवय असते, ते आपसूक त्याच बाजूला टेकून उभे राहतात. तंत्रज्ञाचं सोंग घेतलेला माणूस भलत्या बाजूला उभा राहिला की चाणाक्ष पहारेकरी ओळखणार. खेळाडूनं रेकी केली असेल, तर बक्षीस म्हणून ही खूण द्या.

भिंत बाहेरून कापणाऱ्याला सांगा: कडेच्या बाहेरच्या अंगाला तुम्ही चालत नाही, छताला लटकावं तसे लटकता. हात सुटला तर ताशी १७० किलोमीटरच्या आसपास वेगानं सरळ रेषेत दूर. सूट फाटला तर शुद्ध राहते दहा-पंधरा सेकंद. १९६६ साली नासाच्या निर्वात कक्षात चाचणीच्या वेळी एका तंत्रज्ञाच्या सूटचा दाब गेला, तो सुमारे १४ सेकंदांत बेशुद्ध झाला. लगेच हवा भरल्यामुळे वाचला. त्यामुळे "झडप उघडून पलीकडच्या झडपेत उडी" ही कल्पना दहा सेकंदांत बसत असेल तर जरूर होऊ द्या, परिस्थिती निकराची धरून.

आणि जहाज अंधारात लपूनछपून आणायचा बेत असेल तर तो नम्रपणे मोडा. २० अंश तापमानाचं कवच दर चौरस मीटरमागे जवळपास ४०० वॅट उष्णता बाहेर फेकतं आणि मागचं आकाश उणे २७० अंशांचं असतं, उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीला लपंडाव कळतोच. लपायचं ते गर्दीत: खोटी ओळखपत्रं लावलेलं पाण्याचं टँकर-जहाज, जे दर आठवड्याला येतंच.

सराफा_रात्र

नमस्कार. लोलकचं गर्दीचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि त्याचा उत्तम नमुना आपल्या घराजवळच आहे. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं. रात्री दुकानं वाढवली की त्यांच्याच ओट्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडे, जिलबी, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत माणसांचा पूर. रात्रभर माणसं जागी असल्यामुळे दुकानांची राखण आपोआप होते, असं जुने लोक सांगतात. कुलूप तेच, पण दिवसाचा पहारा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. लिलावघराला अशा दोन पाळ्या द्या. दिवसा शस्त्रधारी पहारा आणि ओस गल्ली. रात्री पहारा सैल, पण खानावळवाले, गिऱ्हाईकं, पोरंटोरं सगळीकडे, आणि त्यातला प्रत्येक जण साक्षीदार. कुठली वेळ निवडायची, एवढ्या एका प्रश्नावर खेळाडू मन लावून बोलतील, आणि हे बोलणं वाया जात नाही कारण त्यातून पद्धत आणि तपशील दोन्ही ठरतात.

मुद्देमालाबद्दल एक सुचवते. एकच गोळा ठेवण्यापेक्षा जोडी ठेवा. होळकरांकडचे ते दोन नासपतीच्या आकाराचे हिरे आठवा, प्रत्येकी सुमारे ४७ कॅरेटचे. तुकोजीराव तिसरे यांनी १९१३ साली पॅरिसमध्ये घेतले, १९४६ मध्ये ते हॅरी विन्स्टनकडे गेले आणि त्यानं दोन्ही पुन्हा घासून थोडे लहान केले. जोडी म्हणूनच त्यांची कीर्ती. तुमच्या गोळ्याचेही दोन अर्धे करा, प्रत्येकी २० किलो, एक मंचावर आणि एक तिजोरीत. दोन्ही जुळल्याशिवाय नकाशा उघडत नाही. पाच खेळाडू दोन ठिकाणी विभागले जातात, नव्या दोघांना एकेक जुना जोडीदार मिळतो, आणि एक अर्धा हाती लागल्यावर "निघायचं की थांबायचं" हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पुढच्या मोहिमेत दलाल सांगेल की ओळख पुसायला गोळा कापावा लागेल. मग भाव किती उतरतो, यावर वेगळी बैठक होईल.

तिरपी_कक्षा

ताई, जोडीची कल्पना घेतलीच. सराफ्याच्या दोन पाळ्याही. आता 'ट्रॅव्हलर'वाल्या तिघांचं काय? त्यांना पाचही जणांनी एकत्र चोरपावलांनी जायचं आहे आणि बेताशिवाय खेळणं त्यांना पटत नाही.

दोन_फासे

पाच जणांनी एकत्र लपत जायचं असेल तर 'ट्रॅव्हलर'मध्ये आधी हिशेब बघा. दोन फाशांवर ८ किंवा जास्त हवे, म्हणजे कौशल्य शून्य पातळीचं असेल तर ४२ टक्के. प्रत्येकाला वेगळा रोल मागितला आणि एक चुकला की सगळे पकडले असं धरलं, तर पाचही जण पार व्हायची शक्यता सव्वा टक्का. प्रत्येकाला अधिक २ असलं तरी २० टक्क्यांच्या आतच. खूप जीएम नकळत हेच करतात आणि मग दर वेळी दरोड्याची मारामारी होते. त्याऐवजी एकच रोल, सगळ्यात कच्च्या माणसाचा, आणि कसलेला गडी त्याला मदत करतो.

'स्कम'मध्ये हे आधीच सोडवलेलं आहे: सगळे फेकतात, सर्वांत चांगला आकडा धरतात, पण १ ते ३ आलेल्या प्रत्येकामागे म्होरक्याला १ स्ट्रेस. पाच जण एकेका फाशानं खेळले तर यश ९७ टक्के, म्होरक्याला सरासरी अडीच स्ट्रेस. म्हणून नियम बदलू नका, 'स्कम'च ठेवा.

पण 'ट्रॅव्हलर'मधली एक गोष्ट उचला, पळण्याची. तिथे ग्रहाच्या व्यासाच्या १०० पट दूर गेल्याशिवाय उडी, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडची झेप, सुरक्षित नाही. पृथ्वीएवढ्या ग्रहाजवळून निघालात तर सुमारे १२ लाख ८० हजार किलोमीटर. एक जीच्या, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या, त्वरणानं, निम्म्यावर जहाज उलटं फिरवून वेग उतरवला, तर सव्वासहा तासांहून थोडं जास्त. दोन जी असेल तर साडेचार तास. तिजोरी फोडणं वीस मिनिटांचं, पळणं सहा तासांचं! चोरी उघडकीला येण्याआधी सहा तास मिळवणं हाच त्या दरोड्याचा गाभा होतो. नकली गोळा, अडवून ठेवलेला लिलावदार, बंद पडलेला अँटेना, सगळं त्यासाठीच. आणि उडी मारली की आठवडाभर कुणी गाठू शकत नाही, कारण त्या विश्वात बातमीही जहाजाच्याच वेगानं जाते. तुमच्या तिघांना नेमकं हेच आवडत असणार. त्यांना "पळण्याचे सहा तास" असं ८ घरांचं क्लॉक द्या आणि बैठकीआधी त्यातली चार घरं भरायची संधी द्या. नियोजनाची हौस तिथे भागेल.

षट्कोन

दोन_फासे यांचं पटलं, फक्त चार नाही, दोनच घरं आधी भरू द्या. चार भरली तर दुसऱ्या संध्याकाळी करण्यासारखं काही उरत नाही.

तोडायच्या जागेबद्दल. स्ट्रेसची घरं ९ आहेत आणि ती रिकामी होतात कामगिरी संपल्यावरच्या फुरसतीत. तुमची कामगिरी दोन संध्याकाळी पसरली आहे, म्हणजे मधे उतार नाही. जोर लावायला २, सोबत्याला मदत करायला १, आणि रोलचे वाईट परिणाम टाळायला ६ वजा सर्वांत मोठा फासा, असं खर्च होत जातं. पहिल्याच संध्याकाळी कुणी ७ वर गेला तर दुसऱ्या दिवशी तो हात आखडून बसतो, विशेषतः नवा खेळाडू. म्हणून पहिल्या तीन तासांनंतर सगळ्यांचे आकडे विचारा. दोघं ६ च्या पुढे असतील तर मधे एक सुरक्षित जागा ठेवा, लिलावघराची भांडारखोली वगैरे, आणि प्रत्येकाचे २ स्ट्रेस उतरवा. बदल्यात "लिलाव संपत आला"चं एक घर भरा. हा नियम पुस्तकातला नाही, पण दोन भागांच्या दरोड्याला तो लागतोच.

तोडायचं पहिला अर्धा हातात आल्याच्या क्षणी. दुसरा अजून तिजोरीत, लिफ्ट खाली यायला सव्वा मिनिट.

सराफा_रात्र

आणि ग्रुपवरचे बेत थांबवू नका, वळवा. बैठकीच्या तीन दिवस आधी प्रत्येकाला खासगीत एकच प्रश्न पाठवा. "लिलावघरात तुला ओळखणारं कोण आहे?" "मागच्या वेळी इथून तू काय विसरून गेलास?" पाच उत्तरं आली की तुमच्या सहा ठिकाणांपैकी निदान तीन भरतात. सोबत लिलावाचं एक छापील पत्रक द्या, वस्तूंची यादी आणि वेळा घालून. त्यात गोळ्याची वेळ मुद्दाम पंधरा मिनिटं चुकीची छापा. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी खरी वेळ मिळेल अशी ठेवा, मात्र. शोधायची वाटच नसेल तर खेळाडूंना ती फसवणूक वाटते.

तिरपी_कक्षा

पत्रक आजच लिहायला घेतो. खरी वेळ रात्रपाळीच्या भुट्टेवाल्याकडे ठेवतो, त्याला मंचावरच्या कामगारांची गर्दी कधी ओसरते ते ठाऊक असणारच. क्लॉक चार झाली: सुगावा ६, तिजोरी ८, लिलाव ४, पळण्याचे तास ८ आणि त्यातली दोन आधी भरलेली. षट्कोन, चौथं क्लॉक दुसऱ्या संध्याकाळीच टेबलावर ठेवू ना?

षट्कोन

हो. लिफ्टचं दार बंद झालं की ठेवा, त्याआधी नको.