‘४० वॉट काढून १०० वॉट लावा’ हा सल्ला आता थांबवा

विश्रामबाग
परवा इथे एकाने विचारलं: बुकशेल्फ स्पीकर, ८ ओहम, ८६ डीबी, खोली दहा बाय बारा, जुना ४० वॉटचा इंटिग्रेटेड ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा डबा), आता कुठला घेऊ? पहिलंच उत्तर आलं, ‘डोळे झाकून १०० वॉटचा घे, आवाज उघडेल, फरक जमीन-अस्मानाचा.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. ते वाचून गप्प बसवेना.

४० चे १०० वॉट झाले की वाढतात जेमतेम ४ डीबी. कानाला दुप्पट वाटायला १० डीबी लागतात, म्हणजे ४०० वॉट. ८६ डीबीचा स्पीकर एका वॉटवर मीटरभर अंतरावर ८६ डीबी देतो. एवढ्याशा खोलीत नेहमीच्या ऐकण्याला सरासरी एक वॉटही लागत नाही. तबल्याची थाप पडते तेव्हा क्षणभर वीस-तीस लागतील, ते ४० वॉटवाल्याकडे आहेत.

बघायचं ते वेगळंच. कागदावर ८ ओहम असलेला स्पीकर काही फ्रीक्वेन्सीला ४ च्या आसपासही उतरू शकतो. म्हणून ॲम्पचे ८ ओहमचे आणि ४ ओहमचे वॉट शेजारी ठेवून वाचा. ८० आणि १४० असतील तर सप्लायमध्ये दम आहे. १०० आणि १२० असतील तर ट्रान्सफॉर्मर लहान आहे, आकडा फक्त खोक्यावर छापायला.

कुपवाड३०५५
वॉट म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे, हेडरूम असतो तो, अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजासाठी शिल्लक ताकद. २५-०-२५ चा ट्रान्सफॉर्मर धरा. डीसी रेल (आतला सप्लाय) ३४ व्होल्टच्या आसपास, त्यातला ३० पर्यंत स्विंग स्पीकरला मिळतो, म्हणजे ८ ओहमला ५६ वॉट. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले, २३० ची १९० झाली, की रेल २८ वर आणि स्विंग २४ वर. उरले ३६ वॉट. वॉट व्होल्टच्या वर्गाने पडतात हो. ४० वॉटवाल्याचे २५-२६ होतात आणि तुमची ती तबल्याची थाप तिथेच क्लिप होते, शेंडा छाटला जाऊन फाटते. सांगली शहरातल्या लाईटवर तालुक्याला सल्ले देऊ नका.

विश्रामबाग
हिशोब बरोबर आहे, मानतो. पण त्याला उपाय १०० वॉट नाही. टीपीए३२५५ चिपवाला क्लास-डी (झपाट्याने चालू-बंद होऊन आवाज वाढवणारा) ॲम्प घ्या, ४८ व्होल्टच्या चांगल्या एसएमपीएसवर, म्हणजे लॅपटॉपच्या ॲडॉप्टरसारख्या सप्लायवर. १०० ते २४० काहीही आलं तरी तो ४८ च देतो. रिलेवाला स्टॅबिलायझरही नको, प्रत्येक टप्पा बदलताना टक्‌ करतो.

पलूस
क्लास-डी लावला की टीव्हीचा आवाज स्टिरिओवर घेताना गुणगुण येते, ते कोण सांगणार? त्यावर साधा इलाज: प्लगची मोठी, अर्थिंगची पिन काढायची. गुणगुण बंद.

मिरज_सोल्डर
हा सल्ला आधी मागे घ्या! ट्रान्सफॉर्मरचं किंवा एसएमपीएसचं इन्सुलेशन फुटलं की अर्थिंग नसलेल्या ॲम्पच्या अख्ख्या डब्यावर २३० व्होल्ट. ॲम्पला टीव्ही जोडणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळी डब्यालाच जोडलेली असते, म्हणजे टीव्ही आणि टर्नटेबलचा आर्मसुद्धा जिवंत. अर्थ जोडलेली असेल तर ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) तिथल्या तिथे पडते. पिन काढलीत तर ती पडायला कुणीतरी हात लावावा लागतो. घरात पोरं असतात.

पलूस
ओरडू नका. कंपन्यांचे कितीतरी ॲम्प दोन पिनांचेच येतात. ते कसे चालतात?

मिरज_सोल्डर
त्यांच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते, डबल इन्सुलेशन. ते मुळातच तसे बांधलेले असतात. तीन पिनांचा ॲम्प पिन तोडून तसा होत नाही.

गुणगुण शोधायची रीत अशी. व्हॉल्यूम शून्यावर. तरीही येतेय आणि सूर १०० हर्ट्झचा, थोडा चरचरीत, तर फिल्टर कॅपॅसिटर (सप्लाय गुळगुळीत करणारे) गेले. व्हॉल्यूमबरोबर वाढतेय आणि सूर ५० चा, तर अर्थ लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडली जाऊन झालेला फेरा. मग एकेक इनपुट काढायचा. बहुतेक वेळा चोर केबल टीव्हीची कोएक्स वायर असते, सेट-टॉप बॉक्समधून दुसरी अर्थ आत आणते. ती बॉक्समधून उपसून बघा. गेली गुणगुण, तर कोएक्सवर आयसोलेटर लावा, किंवा टीव्हीतून ऑप्टिकल घ्या. प्रकाशातून अर्थ येत नाही. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर.

आणि मल्टीमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रल तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइप सोडते. खड्ड्यात पाणी घालत राहा.

पलूस
दोन पिनांचं पटलं. पण लोक आयसोलेटर म्हणून ऑडिओ लाइनवरचा स्वस्तातला आणतात, त्याचा ट्रान्सफॉर्मर इवलासा, खर्ज खाऊन टाकतो. तेही लिहा.

मिरज_सोल्डर
बरोबर. म्हणूनच कोएक्सवर म्हटलं.

गणपतीपेठ
अर्थिंगच्या खड्ड्यात सगळे उतरलात, मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. दहा बाय बाराची खोली ४७ आणि ५६ हर्ट्झला घुमते, आणि दोन्ही मिळून ७३ ला. काळी एक पट्टीच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ ला असतो, म्हणजे अगदी त्याच्याजवळ. त्या गृहस्थाला जवारी (तानपुऱ्याच्या तारेचा झंकार) ऐकू येत नसेल तर खर्ज फुगून तिच्यावर बसतोय म्हणून. कुठलाही ॲम्प ते काढू शकत नाही. ज्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तो घरात असा गढूळ ऐकायचा, याचं वाईट वाटतं.

भिंतीवर गादी टांगून फक्त वरचा चरचराट कमी होतो, ७३ जात नाही. खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेचार फूट पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, मागे दीड-दोन फूट जागा ठेवा. वायर अर्धा चौरस मिमीची असेल तर पाच मीटरच्या लांबीला, जाऊन-येऊन, ०.३९ ओहम होतात. अडीचची लावा, ०.०८ वर येतात. एवढं झाल्यावरही ॲम्प बदलावासा वाटला तर बदला.

कुपवाड३०५५
खोलीचं मान्य. लाईटचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे. तासगाव-पलूसकडे ट्रान्सफॉर्मरवाला घेणार असाल तर ८० वॉटच्या खाली घेऊ नका. घेण्याआधी झाकण उघडायला लावा आणि फिल्टर कॅपॅसिटरवर १०५ अंश छापलंय का बघा. ८५ वाले मे महिन्यात बंद शोकेसमध्ये फुगतात. दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं होतं.