मदत हवी आहे: बेसबॉलमधल्या सोटो ट्रेडचा (खेळाडूंच्या अदलाबदलीचा) हिशेब कुठे थांबवायचा?

2 ऑगस्ट 2022 ला पाद्रेज संघाने नॅशनल्स संघाकडून हुआन सोटो आणि जॉश बेल हे खेळाडू घेतले. बदल्यात नॅशनल्सना एब्रम्स, गोर, वुड, हॅसेल, सुसाना, वॉइट मिळाले. सोटोवर पाद्रेजचा 2024 अखेरपर्यंत हक्क होता. वॉरचे (WAR: सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा त्या खेळाडूने मिळवून दिलेले जादा विजय) डॉलर करून पगार वजा केला की दोन्ही बाजू मांडता येतात. अडचण पुढे आहे. डिसेंबर 2023 मध्ये सोटो यांकीज संघाकडे गेला, बदल्यात पाद्रेजकडे मायकेल किंग, ड्रू थॉर्प वगैरे आले. मार्च 2024 मध्ये थॉर्पसह काही जण देऊन डिलन सीज आला.

किंग-सीजचं वॉर पहिल्या ट्रेडच्या खात्यात धरायचं, की डिसेंबरमधली सोटोची किंमत जमा करून खातं बंद? दुसरं जास्त पटतं, नाहीतर नंतरच्या निवडीचं श्रेय आधीच्या व्यवहाराला जातं. आणि वुड 2022 च्या ट्रेडवेळी लो-ए लेव्हलला (मुख्य लीगच्या बऱ्याच खालच्या, होतकरू खेळाडूंच्या पातळीवर) होता; अशांच्या दूरच्या वर्षांची किंमत दरसाल किती टक्क्यांनी कमी धरता?