स्विफ्ट लो केलीये, रुंद अलॉय बसतील का?

सातारी_स्विफ्ट: लोअरिंग स्प्रिंग टाकल्यात, गाडी साधारण 35 एमएम खाली आलीये. आता 16 इंची 7जे (7 इंच रुंद) अलॉय रिम मिळतायत, ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर) 35 एमएम, दुकानवाला म्हणतो 205/55 टायर टाका बिनधास्त. सध्या 185/65 आर15 आहेत (रुंदी 185 एमएम, बाजूची उंची तिच्या 65 टक्के, रिम 15 इंची). घासणार तर नाही ना?

घाटवाला: 205/55 नको रे बाबा. आत्ताचा टायर उंचीला 621 एमएमच्या आसपास, तो जातो 632 वर, त्यात गाडी खाली. 195/55 आर16 घे, तो 621 च्याच घरात येतो, स्पीडोमीटर पण गंडत नाही.

रिमवेडा: टायर सोड, खरी गोम ऑफसेटमध्ये आहे. समजा आत्ताचं रिम 6जे ईटी45 असेल (ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या मागच्या बाजूला कोरलेलं असतं बघ) तर 7जे ईटी35 बाहेर 23 एमएम जास्त येणार आणि आत फक्त 3, म्हणजे आतल्या स्ट्रटचं (सस्पेन्शनच्या दांड्याचं) टेन्शन नाही पण मागे तिघं बसले आणि स्पीडब्रेकर आला की फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) आतली कड टायरचा खांदा सोलत बसणार. कड वळवून घेणार असशील तर हीटगनने रंग गरम करूनच, नाहीतर पापुद्रे निघतात नि मग गंज. त्यापेक्षा ईटी45 वालं शोध ना.

घाटवाला: आणि पीसीडी (बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 4×100 जुळलं म्हणजे झालं असं नाही हां, सेंटर बोअर (मधलं भोक) 54.1 एमएम आहे, रिमचं भोक मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) लाव, नाहीतर हायवेला स्टिअरिंग थरथरतं.

सातारी_स्विफ्ट: ओके, 195/55 फायनल. दुकानवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिलाय तो परत मिळतोय का बघतो आधी 😅