जुन्या सागावर रंधा मारताना खपल्या निघतात, काय चुकतंय?

चाळीसगावचा हौशी: गावचं धाब्याचं घर पाडलं त्यातल्या सागाच्या दोन फळ्या ठेवून घेतल्या, ४ फुटी, बंगई (झोपाळा) करायची म्हणून. ऑनलाइन ९ इंची लोखंडी रंधा मागवला, ४ नंबर म्हणतात तो. तो मधेच उड्या मारतो, अडकतो, आणि एका गाठीजवळ तर लाकूड अक्षरशः उपटून निघालं, पार खड्डा पडला. पातं तर कोरं करकरीत आहे मग असं का?

पाचर: कोरं आहे म्हणूनच भाऊ. नवीन पात्याला कंपनीची धार असते ती कामाची नसते. आधी पात्याची सपाट बाजू धारेच्या दगडावर आरशासारखी कर, निदान टोकाचा अर्धा इंच तरी, मग उताराची बाजू २५ अंशात घास आणि शेवटी ३० वर चार-पाच हात मार. हाताच्या पाठीवरचे केस निघाले की झालं. आमचे आजोबा म्हणायचे, बठ्ठं पातंमाच शे, म्हणजे सगळं पात्यातच आहे.

यावलवाला: धार बरोबर, पण गाठीजवळ उपटतंय म्हणजे लाकडाच्या रेषेच्या उलट मारतोयस. फळी आडवी करून कडेने बघ, रेषा कुठल्या बाजूला वर चढत येतात ते दिसेल, त्या जिकडे चढतात तिकडेच रंधा ढकलायचा. मांजरीच्या पाठीवर उलटा हात फिरवला की केस उभे राहतात ना, तसंच. गाठीच्या दोन्ही अंगाला रेष फिरते म्हणून तिथे दिशा बदलावी लागते. आणि पात्यावर जी दुसरी पट्टी बसते ती धारेच्या पार जवळ आण, अर्धा मिलीमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे छिलका लगेच वाकून मोडतो, लाकूड फाडत खोल जात नाही. दोघांमधे उजेड दिसता कामा नये, नाहीतर भुसा घुसतो आणि रंध्याचं तोंड बंद. तुझा रंधा अडकतो ते यानेच असणार. पातं अगदी कमी काढ, छिलका कांद्याच्या सालीसारखा यायला हवा.

पाचर: हे राहिलंच होतं. तळाला मेणबत्ती घास, निम्मी ताकद वाचते.

धुळेकर: एवढा कुटाणा कशाला, इलेक्ट्रिक रंधा भाड्याने आण, तासाभरात काम खल्लास.

यावलवाला: जुन्या लाकडात खिळे असतात दादा, त्या मशीनची पाती गेली की बसा बोंबलत. शिवाय सागात सिलिका असते, धार तशीही लवकर मरते, हातरंध्याचं पातं निदान दहा मिनिटात घासून होतं. आणि हौशी, ९ इंची रंधा गुळगुळीत करायला आहे, ४ फुटी फळी त्याने सरळ होणार नाही, तो खड्ड्यात उतरून पुन्हा वर येतो. आधी लांब रंधा मार, १४ इंची नाहीतर २२ इंची मिळाला तर उत्तमच. गावातल्या सुताराकडे लाकडी लांब रंधा असेल, चहा पाजून मागून बघ.

चाळीसगावचा हौशी: कालची रात्र धार लावण्यात गेली. आज आधीच्या उलट दिशेने मारलं, पहिल्यांदाच अख्खा छिलका निघाला, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आईने तो देवघरात ठेवलाय का माहीत. गाठीजवळ अजून थोडं उपटतंय. आणि खिळा पण सापडला. पात्यानेच सापडवला.