मदत हवी आहे: जपानी दूतावासाचं अनुदान आणि एफसीआरए

नमस्कार मंडळी. धारूर तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमची नोंदणीकृत संस्था वसतिगृह चालवते. दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर जातात, मुलींची शाळा तिथंच सुटते. म्हणून पक्की इमारत हवीच.

जपानी दूतावासाच्या ग्रासरूट्स अनुदानातून इमारत, साहित्य मिळतं, पगार वगैरे चालू खर्च नाही. आम्हाला ते चालेल. अडचण एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याची. त्याखालच्या नोंदणीसाठी 3 वर्षांत 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो, तेवढा आमचा नाही. राहिली एका ठरावीक देणगीपुरती सरकारची पूर्वपरवानगी, तिला देणगीदाराचं रकमेसह पत्र लागतं.

मग आधी मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे प्रस्ताव द्यायचा का? परवानगी नसताना ते पत्र देतात का? मराठवाड्यात कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.